चार डोळ्यांचे कुत्रे

फिनलंडमधील रोव्हानिएमी येथे एका हिवाळ्यात आम्ही काही दिवस मुक्कामाला होतो. यजमानांच्या अंगणात दोन कुत्री होती. एक काळाभोर, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके असलेला. दुसरी सायीच्या रंगाची. दोन्ही एकाच वेतातील भावंडे आहेत, असे यजमानांनी सांगितले तेव्हा आमचा चटकन विश्वास बसला नाही.

फिनिश लॅपहुंड ही जात सामी लोकांच्या रेनडियर राखणाऱ्या कुत्र्यांतून आलेली. तिचे पहिले प्रमाणक १९४५ सालचे, तर आजचे नाव १९९३ सालचे. काळा, तपकिरी, करडा, तांबडा, पिवळसर असे सर्व रंग तिला मान्य आहेत. अट एवढीच, की मूळ रंगाचे प्राबल्य असावे. तिच्याच नात्यातील स्वीडिश लॅपहुंड मात्र प्रामुख्याने काळाच असावा असे ठरले. कळप राखणाऱ्याला कुत्र्याचे पाय, कान आणि अक्कल हवी होती. रंगाची निवड हा पुढे कागदावर झालेला व्यवहार.

या वैविध्यामागे रंगद्रव्ये दोनच: एक काळे-तपकिरी, दुसरे तांबडे-पिवळे. कोणते कोठे उमटावे, हे बव्हंशी 'अगूटी' नावाचे जनुक ठरवते. दुसऱ्या एका जनुकातील बदलामुळे केसांत काळे द्रव्य उतरतच नाही, आणि काळ्या आईबापांच्या पोटीही सायीच्या रंगाचे पिल्लू जन्मते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार कुत्र्यांतील पिवळ्या रंगाचा एक प्रकार वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी लांडग्यांपासून वेगळ्या झालेल्या, आता नामशेष असलेल्या वंशाकडून आला आहे. कुत्रा माणसाच्या दारी आला त्याच्या कितीतरी आधीचा हा रंग!

भुवयांवरील ते ठिपके पाहून आम्हांस ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमाचे दोन सारमेय आठवले. त्यांना 'चतुरक्ष' म्हटले आहे. आणि 'शबल', म्हणजे कबरेही. पारश्यांच्या अंत्यविधीतही 'चार डोळ्यांच्या' कुत्र्याला मान आहे. ते दोन ठिपके माणसाला फार पूर्वीपासून डोळ्यांसारखे भासत आले असावेत.

आणि आठवले ते आमच्या लहानपणीचे एक वेत. गल्लीतल्या कुत्रीला दोन पिल्ले झाली होती. आम्ही भावंडांनी ठिपक्यांचे उचलून घरी आणले. निव्वळ काळे होते ते 'नको' म्हणून तिथेच ठेवले. ठिपक्या आमच्याकडे तेरा वर्षे सुखाने जगला. काळ्याचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारलेही नाही. ज्या घरात मुलींच्या रंगावरून होणारी बोलणी ऐकून आम्ही चिडत असू, त्याच घरातली ही गोष्ट.

निघताना यजमानांना विचारले, "दोघांत कामाला चांगले कोण?" त्यांनी सायीच्या रंगाच्या कुत्रीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ही. पण बर्फात दिसत नाही, म्हणून सारखी हाक मारावी लागते."

आम्ही त्या काळ्या पिल्लाला एकदाही हाक मारली नव्हती.