गटाराची पट्टी

देवळाच्या कळसासाठी वर्गणी मागायला निघालेल्या माणसाला आमच्या गावात कोणी उन्हात उभे करीत नाही. ओसरीवर सतरंजी पडते, चहा येतो आणि मागितले त्याहून चार रुपये अधिकच हातावर पडतात. गटाराची पट्टी मागणाऱ्याला मात्र कोणी पाणीदेखील विचारीत नाही. यावरून शहरातली शहाणी माणसे झटकन अनुमान काढतात, की खेड्यातले लोक अडाणी, त्यांना आरोग्याची किंमत कळत नाही. हे अनुमान मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्याची चीडही येत नाही, कंटाळा येतो. कारण गटाराच्या खर्चाला विरोध करणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे गणित, शाळेत मुलांना गणित शिकवणाऱ्या माझ्यापेक्षा पक्के होते.

आमचे गाव उतारावर वसले आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. माथ्यावर देऊळ आणि जुने वाडे, मध्ये पेठ, आणि अगदी तळाशी, ओढ्याच्या काठाला, खालची आळी. गावात कोणी कुठे राहायचे हे ज्या काळात ठरले, त्या काळी तळाशी कोणाला जागा मिळाली असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाणी वरून खाली वाहते, हा निसर्गाचा नियम. पण कोणाचे पाणी कोणाच्या दारात वाहावे, हा नियम निसर्गाने केलेला नाही.

पूर्वी घरात पाणी डोक्यावरून येई, तेव्हा त्याची किंमत बायकांच्या मानेला ठाऊक असे. भांड्यांचे पाणी अळवाला जाई, अंघोळीचे केळीला. गटार म्हणजे पावसाळ्यापुरती भिंतीकडेची पन्हळ. मग नळ आला. न्हाण्या आल्या, घराला लागून संडास आले, पेठेतल्या काही घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले. पाणी घरात आणण्यासाठी केवढ्या योजना झाल्या, उद्‍घाटने झाली, नारळ फुटले! आलेले पाणी कुठेतरी जाणारही, याचा विचार मात्र कोणाच्या भाषणात आला नाही. ते आपले निमूटपणे खाली गेले.

अशा वेळी भुयारी गटाराची योजना आली. गल्लोगल्ली नळ गाडायचे, चौकाचौकांत चेंबर, तळाशी पंप आणि पलीकडे शुद्धीकरणाचे केंद्र. नकाशा इतका सुबक होता, की त्यात आमचे गाव आम्हालाच ओळखू येईना. मोठा खर्च सरकारचा; गावाने द्यायचे ते घरटी चार हजार रुपये जोडणीचे आणि वर्षाला बाराशे पट्टी. ग्रामसभेला एरवी कोरम भरत नाही. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात बसायला जागा उरली नाही.

पहिले उठले ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक आबा. त्यांनी खिशातून चिठोरे काढले. "जलजीवन मिशनचं पाणी माणशी पंचावन्न लिटर. त्यातलं शंभराला ऐंशी परत सांडतं असं धरतात. म्हणजे माणशी चव्वेचाळीस लिटर. साऱ्या गावाचं झालं एक लाख बत्तीस हजार. आणि भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी एकशे पस्तीस लिटर पाणी पाहिजे, असं तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. नळात पाणी जोरानं वाहिलं तरच घाण पुढं जाणार. आमच्या पाण्यात ती तिथंच बसणार. मग उपसायला कोण उतरणार?"

या शेवटच्या प्रश्नावर सभा गप्प झाली. अधिकारी तरुण होते, सालस होते. त्यांनी वही चाळली.

मग पेठेच्या मागे एका खोलीत राहणाऱ्या मावशी उठल्या. नवरा नाही, मुलगा पुण्याला, तो कधी पाठवतो, कधी नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच सांगा ह्यांना. माझ्या घरातनं दिवसाला चार बादल्या पाणी सांडतं. वाड्यातनं शंभर बादल्या. पट्टी दोघांना बाराशे?" मी काय सांगणार? कर कोणावर किती बसावा या विषयावर मोठमोठ्या ग्रंथांत जे लिहिलेले असते, ते मावशींनी बादल्यांत मोजून दाखवले होते.

तिसरा मुद्दा विजेचा. नळयोजनेच्या पंपाचे बिल थकून वीज तुटल्याचा अनुभव गावाला होताच. सरकार यंत्र बांधून देते, पण ते रोज चालवायचे गावाने. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. चालवणाऱ्याच्या नावावर थकबाकी लागते. योजना नामंजूर झाली. ठराव झाला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत अडाणीपणा नव्हता.

असा विरोध काही आमच्याच गावात प्रथम झाला असे नाही. आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी शहर घासूनपुसून काढले, रस्ते केले, मंडई बांधली, आणि हे करताना तिजोरीचा तळ गाठला. १८७१ साली करदाते खवळले. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी निराळाच मुद्दा मांडला : दोष या एका माणसाचा नाही, पद्धतीचा आहे, जे पैसे देतात, त्यांनी निवडलेली माणसे कारभारात हवीत. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. म्हणजे ज्या निवडणुकांचा आपल्याला अभिमान वाटतो, त्यांच्या मुळाशी कुठेतरी रस्त्या-गटारांच्या खर्चावरचे भांडणही आहे. "पैसे कोण देणार?" हा प्रश्न क्षुद्र नाही. लोकशाहीची सुरुवात पुष्कळदा त्याच प्रश्नाने होते.

दुसरी आठवण होळकरांच्या इंदूरची. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ तेथे नगररचनेसाठी आले होते. १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. साऱ्या शहराला मोठमोठी भुयारी गटारे घालण्याची खर्चिक योजना त्यांनी मुळीच उचलून धरली नाही. मैला आणि सांडपाणी दूर नेऊन फेकण्यापेक्षा ते जवळच्या बागांना आणि मळ्यांना द्यावे, असे त्यांचे म्हणणे. पण खर्च नको एवढे म्हणून ते थांबले नाहीत. दिवाळीत त्यांनी इंदुरात भव्य मिरवणूक काढली. जे रस्ते लोकांनी उत्तम झाडले, त्याच रस्त्यांवरून ती जायची, अशी अट. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता. आणि त्याच मिरवणुकीत शुभ्र कपडे ल्यालेले, हारतुरे घातलेले शहरातले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस जाळला गेला. स्वस्त उपाय सुचवणाऱ्याने जास्त कष्ट घ्यावे लागतात, हे मला या गोष्टीत फार मोलाचे वाटते.

कारण नेमके हेच आमच्या गावाने केले नाही. ठराव झाला, टाळ्या झाल्या, माणसे घरी गेली, आणि पाणी पूर्वीसारखे खाली वाहू लागले. माझे घर वरच्या आळीत आहे. माझ्या न्हाणीतले पाणी दारातून निघून वळणावर दिसेनासे होते, आणि जे दिसेनासे झाले ते संपले, असे मानायची सोय मलाही आहे. खालच्या आळीत ती सोय नाही. तेथे त्याचे डबके होते. वर्गातल्या एका मुलीची वही पावसाळ्यात सारखी ओली का, म्हणून एकदा मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने उंबऱ्याशी रचलेल्या विटा दाखवल्या. म्हणाली, "गुरुजी, सभेत म्हणाले, खर्च वाचला. कुणाचा वाचला? गेल्या साली हिला डेंग्यू झाला. सलाइन, औषधं, माझी बुडालेली मजुरी. ही आमची पट्टीच की. पावती तेवढी मिळत नाही."

मी त्या बाईंना उत्तर दिले नाही, कारण ते उत्तर नव्हेच असे काहीतरी माझ्या तोंडून गेले असते. पण त्यानंतर या प्रश्नाकडे पाहण्याची माझी रीत बदलली. गटाराचा खर्च करावा की करू नये, असा प्रश्न कधीच नसतो. खर्च चालूच असतो. तो सर्वांच्या नावे वहीत मांडायचा, की एका आळीच्या अंगणात साचू द्यायचा, एवढेच ठरवायचे असते.

नुसत्या नकाराचा हिशेब पाहायचा असेल, तर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या लॉस ओसोस या गावाकडे पाहावे. चौदा-पंधरा हजार वस्ती, घरोघर सेप्टिक टाकी, आणि त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने भूजलात वाढलेले नायट्रेट. १९८३ साली पाणी-मंडळाने हे बंद करा म्हणून हुकूम काढला. १९८८ साली नव्या घरबांधणीवर बंदी आली. गटार नको असे फारसे कोणी म्हणत नव्हते. पण इतके महाग का आणि शुद्धीकरण केंद्र ऐन गावात का, यावर गाव दुभंगले. २००५ साली काम सुरू झाले, तोच मतदारांनी पाचांपैकी तीन संचालक परत बोलावले. काम थांबले, दंड आले, आणि २००६ साली गावाच्या सेवा-मंडळाने दिवाळे काढले. शेवटी जिल्ह्याने काम हाती घेतले. केंद्र गावाबाहेर गेले, आणि २०१६ साली गटार चालू झाले. खर्च सतरा-अठरा कोटी डॉलरच्या घरात. विरोधकांचे म्हणणे निराधार नव्हते. केंद्र गावाबाहेर गेलेच. पण मधल्या तेहतीस वर्षांचे व्याज त्यांनाही भरावे लागले. श्रीमंत देशातल्या शिकलेल्या गावाची ही कथा आहे, हे आम्हाला अडाणी म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आमच्याकडे पुढे आबांनीच हालचाल केली. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारताच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत मिळत. तीन हजारांचे आठ लाख चाळीस हजार होतात. एवढ्यात गल्लोगल्ली नळ गाडता येत नाहीत. शोषखड्डे होतात, तळाशी एखादे स्थिरीकरण तळे होते. वरच्या आळीला मुरूम आहे. तेथे घराघरापुढे खड्डे खणले, दगडगोटे भरले, आणि पाणी मुकाट जिरू लागले. पण खालच्या आळीची जमीन काळी. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तुंबते. तेथे खड्डे पहिल्याच पावसात भरले. म्हणजे तेथे नळ टाकावाच लागणार, थोडाच का होईना, आणि त्याचा खर्च वरच्या आळीलाही द्यावा लागणार.

आणि येथेच गाडे अडले आहे. "आमचं पाणी आम्ही जिरवलं, आता आमचा काय संबंध?" असे वरची आळी म्हणते. या म्हणण्यातही गणित आहे, पण ते फक्त खड्डा खणला त्या दिवसापासूनचे. त्याआधी किती पिढ्यांचे पाणी खाली गेले, ते त्यात धरलेले नाही. मावशी मात्र म्हणाल्या, "बादलीमागं पट्टी लावा, माझ्या चार बादल्यांची मी देते." साऱ्या सभेत विनाअट होकार तेवढा एकच.

आबांच्या प्रश्नाचे उत्तरही ठरावात लिहायला हवे : उपसायला कोण उतरणार? संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांना हा प्रश्न १९३२ सालीच पडला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी उपास केला, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठोपाठ अन्न सोडले. काम एका जातीचे नाही, ज्याची घाण त्याचे आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. गटाराची पट्टी म्हणजे त्याच कामातला आपला वाटा, रोख रकमेत दिलेला. तो द्यावा लागतो म्हणून कुरकुर करायला हरकत नाही. दर कमी करा म्हणावे, नकाशा लहान करा म्हणावे, मोठ्या घराला जास्त लावा म्हणावे. हे सारे म्हणण्याचा गावाला हक्क आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. केर बाहेर काढणारी ती लक्ष्मी, असे आपल्या पूर्वजांनी ठरवले, ते फार चांगले केले. मात्र बाहेर काढलेला केर कोणाच्या दारात पडतो, हे पाहण्याचे काम त्यांनी पुढच्यांवर सोपवले. दिवाळी आटोपली की ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे : खालच्या आळीचा नळ व त्याच्या खर्चाची वाटणी. कोरम भरावा, एवढी इच्छा आहे.