जुन्या गाडीची तशखीस

कोकणात आपल्या बऱ्याच घरांपुढे अजून एखादी मारुती 800 उभी दिसते. कुणी आखातातून सुट्टीवर आल्यावर घेतलेली, कुणी लेकीच्या लग्नाआधी. ही गाडी 1983च्या डिसेंबरात बाजारात आली आणि 2014च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. आमची 1998 सालची, कार्बोरेटरवाली. सासऱ्यांनी घेतली होती. त्यांना आम्ही अब्बाच म्हणायचो. अब्बा गेले, यांची नोकरी कुवेतला, त्यामुळे किल्ली माझ्या पर्समध्ये आली. दीर दर ईदला म्हणतात, "भाभी, भंगारात देऊन टाका आता."

दिलीही असती. पण अम्मींचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा आमच्या खेडजवळच्या गावातून चिपळूणला जायचं, फजर झाली की निघायचं. त्या वेळी रिक्षा मिळत नाही आणि भाड्याच्या गाडीचा महिन्याचा खर्च माझ्या पगारात बसत नाही. पहाटे गाडी चालू झालीच पाहिजे, आणि घाटात बंद पडता कामा नये. गाडीच्या दुखण्यांकडे मी लक्ष देऊ लागले ते तेव्हापासून.

बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवली होती. मूल भागाकारात चुकतं म्हणून त्याच्याकडून शंभर भागाकार करून घ्यायचे नाहीत. ते नेमकं कुठे चुकतं, पाढ्यात, वजाबाकीत की शून्य लिहिण्यात, ते आधी शोधायचं. उपचारात्मक अध्यापन त्यानंतर. उर्दूत यालाच तशखीस म्हणतात. हकीम आधी नाडी बघतो, नुस्खा मागाहून लिहितो. गॅरेजमध्ये मात्र अनेकदा उलटं चालतं. आधी पार्ट बदलतात, फरक पडला नाही तर दुसरा बदलतात, आणि दोन्हींचे पैसे आपण देतो.

आमच्या गाडीचं सर्वांत मोठं दुखणं होतं गरम होण्याचं. परशुराम घाटात रस्त्याचं काम चालू होतं, वाहनं रांगेत खोळंबून राहत. अशा एका रांगेत तापमानाचा काटा वर चढू लागला. मागच्या सीटवर अम्मी. मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि अर्धा-पाऊण तास थांबले. (गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंडावर येतं.) दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या माणसाने पाच मिनिटांत निकाल दिला, "हेड गॅसकेट गेलं. हेड उतरवावं लागेल. चौदा हजार धरा."

चौदा हजार म्हणजे अम्मींच्या कित्येक खेपा. मी गाडी परत आणली आणि वहीत लिहून काढलं की काटा कधी चढतो आणि कधी चढत नाही. चिपळूणहून परतताना घाटाची चढण लागते, दुसऱ्या गिअरवर इंजिन कण्हत असतं, तरी काटा अर्ध्यावरच. सपाट रस्त्यावर अर्ध्यावर. वर चढतो तो फक्त गाडी उभी असताना, मग घाट असो की बाजारपेठ. गॅसकेट गेलं असतं किंवा रेडिएटर आतून तुंबला असता, तर ते चढणीला, जास्तीत जास्त ओझं असताना दिसलं असतं. आणि गॅसकेट गेल्याच्या बाकीच्या खुणाही नव्हत्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस नाही, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर नाही, थंड असताना पाहिलं तर रेडिएटरमधलं पाणीही कमी झालेलं नाही.

गाडी चालते तेव्हा समोरून वारा लागून रेडिएटर थंड होतो. उभी राहिली की ते काम विजेच्या पंख्याचं. म्हणजे प्रश्न पंख्याचा.

आमच्या वाडीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, आता गॅरेज बंद करून घरीच असतात. त्यांना वही दाखवली. चाचांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "बाजी, ये तो आपने आधा काम कर दिया." त्यांनी आधी फ्यूज पाहिला, तो ठीक होता. मग पाणी तापल्यावर पंख्याला चालू करणारा जो छोटा स्विच असतो, त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि किल्ली फिरवली. पंखा गरकन फिरला. म्हणजे मोटर चांगली, वायर चांगली, मेला होता तो स्विच. नवा काहीशे रुपयांत आला. त्यानंतर रांगेत काटा अर्ध्याच्या वर गेला की पंख्याचा घूंऽऽ आवाज येतो आणि काटा खाली उतरतो. अम्मीही आता तो आवाज ओळखतात.

इथे बहिणींना एक सांगते. बॉनेटखाली हात घालण्याआधी ओढणी किंवा बुरख्याची बाही नीट खोचून घ्या. इंजिन चालू असताना पट्टा फिरत असतो, आणि किल्ली चालू राहिली असेल तर पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

दुसरी नेहमीची तक्रार सकाळी सेल्फ न लागण्याची. "बॅटरी गेली" हे सगळेच सांगतात. हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि दिव्यांकडे बघा. दिवे पार विझू आले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं कनेक्शन खराब आहे. दिवे लख्ख राहिले आणि नुसता एक टक आवाज आला तर सेल्फकडे संशय न्या. मी एक साधा मल्टीमीटर घेऊन ठेवलाय. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते तेव्हा ती भरलेली असते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बॅटरी भरतच नाहीये, नवी आणली तरी तीही उतरेल. आमच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी साचली होती. दहाचा पाना घेऊन आधी वजा बाजूची वायर काढली, मग अधिकची. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून, कोरडं करून, बसवताना उलटा क्रम, वजा शेवटी. वरून व्हॅसलीन. एकही रुपया खर्च झाला नाही.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. सेल्फ फिरतो, पेट्रोलचा वासही येतो, पण इंजिन पकडत नाही. पेट्रोल पोहोचतंय, म्हणजे ठिणगी कमी पडतेय. या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि प्लगच्या जाड वायरींत दमट हवेचा ओलावा बसतो. किल्ली बंद करून टोपी उघडायची, सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसायची. आत पेन्सिलीच्या रेघेसारखा बारीक काळा तडा दिसला तर मात्र टोपी बदला, पुसून भागत नाही. पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर किल्लीला हातच लावू नका. 22 जुलै 2021ला चिपळूणमध्ये काय झालं ते आपण विसरलेलो नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकणारं इंजिन कामातून जातं.

काही गोष्टींना मी हात लावत नाही. ब्रेकचं पेडल खाली जाऊ लागलं, स्टिअरिंग ढिलं वाटलं किंवा बॉनेटखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं तर गाडी जागेवरच राहते आणि मिस्त्री घरी येतात. त्या दिवशी भाड्याची गाडी करते, मग महिन्याचं गणित बिघडलं तरी बिघडो. गाडीत अम्मी असतात.

वही आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तारीख, किलोमीटर, काय झालं, कधी झालं. आठवीतली लेक त्यात नोंदी करते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाचनीय आहे. गॅरेजमध्ये वही उघडून बोलायला लागलं की समोरचा माणूस जरा जपून आकडा सांगतो, हे तिनेच एकदा माझ्या लक्षात आणून दिलं.

दीर मात्र पूर्ण चुकीचे नाहीत. 2023ला आरटीओत पुन्हा नोंदणी झाली, म्हणजे 2028पर्यंत कागद ठीक आहेत. पण समुद्राच्या हवेने ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजत चाललाय. चाचांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं, एका जागी आवाज बसका आला. ते म्हणाले, सध्या वेल्डिंगने भागेल, पण गंज खालच्या चॅसिसच्या पट्टीत उतरला तर मीच तुम्हाला गाडी विकायला सांगेन. पावसाळा संपला की पुन्हा ठोकून बघायचं ठरलंय.