नैरोबी : बाजारपेठेतून पाहिलेले शहर

बहुतेक राजधान्यांचा जन्म केव्हा झाला हे कुणाला नेमके सांगता येत नाही. नैरोबीचे तसे नाही. मोंबासा बंदरातून व्हिक्टोरिया सरोवराकडे निघालेल्या रेल्वेचे रूळ मे १८९९ च्या अखेरीस येथे येऊन पोहोचले आणि शहराचा प्रारंभ झाला. त्यापूर्वी येथे गाव नव्हते. मासाई लोक आपली गुरे पाण्यावर आणीत, अशी एक पाणथळ जागा होती. त्यांच्या भाषेत थंड पाण्याला जे नाव आहे, तेच पुढे शहराला मिळाले. येथून पुढे किकुयु प्रदेशाचा चढ लागत असल्याने इंजिने, डबे आणि साहित्य ठेवण्यासाठी अभियंत्यांना सपाट जागा हवी होती. ही निवड आगाराच्या सोयीची होती, राजधानीच्या विचाराची नव्हती. पाण्याचा निचरा होत नाही म्हणून हे ठिकाण सोडावे, असे आरोग्य अधिकारी पुढे सांगत राहिले; परंतु तोवर दुकाने उभी राहिली होती. १९०५ साली मोंबासाहून राज्यकारभारही येथेच आला.

व्यापारी स्नेह्यांच्या निमंत्रणावरून गेल्या जुलैत दहा दिवस या शहरात राहण्याचा योग आला. विषुववृत्त इतके जवळ असूनही सकाळी स्वेटर घालावा लागला, कारण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. पर्यटक येथे सिंह पाहण्यासाठी येतात. मला मात्र बाजारपेठ पाहावयाची होती.

या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेण्यात आले होते. त्यांत पंजाबी लोक फार होते. जवळजवळ अडीच हजार जण काम करता करता मरण पावले. साडेसहा हजारांहून काहीसे अधिक तेथेच राहिले आणि उरलेले परतले. केनियातील भारतीय म्हणजे याच मजुरांचे वंशज, असा समज आपल्याकडे आहे. तो अपुरा आहे. दुकानदार स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जोखमीवर, बहुधा कच्छ-काठियावाडातून आले. जामनगरच्या आसपासच्या हालार भागातील वीसा ओसवाल जैन कुटुंबे त्यांतलीच. दुष्काळाने गांजलेल्या गावांतून एकेक तरुण निघे, आधी कुणा ओळखीच्या दुकानी नोकरी करी आणि मग त्याच मालकाच्या उधारीवर आडगावी स्वतःचे दुकान थाटी. स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात. हिशेबाला 'हेसाबू', विम्याला 'बीमा' आणि पैशाला 'पेसा'. हे शब्द कानी पडताच मराठी माणूस क्षणभर थांबतो.

चलनाची हकीकत मला विशेष वाटली. १९२० पर्यंत येथे व्यवहार रुपयातच होई. १८६३ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या नॅशनल बँक ऑफ इंडियाने १९०४ मध्ये नैरोबीत शाखा उघडली. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि पौंडाच्या तुलनेत रुपया चढला. पूर्वी १५ रुपयांचा पौंड होता. १९२० मध्ये सरकारने रुपयाऐवजी फ्लोरिन आणून त्याची किंमत दोन शिलिंग ठरवली, म्हणजे पौंड १० चा झाला. ज्या गोऱ्या मळेवाल्यांनी रुपयांत कर्ज काढले होते आणि ज्यांचा माल पौंडांत विकला जाई, त्यांचे कर्ज एका फटक्यात दीडपट झाले. पुढच्याच वर्षी फ्लोरिनही गेला आणि शिलिंग आला. ती बँक पुढे अनेक फेरफारांतून जाऊन १९७० साली केनिया कमर्शियल बँक झाली. आमच्या पेशातील माणसाला शहराच्या इतिहासाची अशी वाट सापडली की बाकीचे प्रेक्षणीय स्थळ नाही पाहिले तरी चालते.

बाजाराची सुरुवात मात्र सुखाची नव्हती. १९०२ मध्ये प्लेग आला आणि अधिकाऱ्यांनी भारतीय बाजार जाळून टाकला. रोगाचे कारण दाटी आणि घाण हे खरे. पण दाटी का होती, तर भारतीयांना बसण्यासाठी जागाच तेवढी ठेवली होती. १९१३ च्या सिम्प्सन अहवालाने आरोग्याच्या नावाखाली वंशवार वस्त्यांची शिफारस केली. पश्चिमेच्या टेकड्या गोऱ्यांच्या, पार्कलँड्स आणि न्गारा हे भाग भारतीयांचे, तर पूर्वेकडील सखल भाग आफ्रिकी लोकांचा, अशी वाटणी झाली. नकाशावर आजही ती ओळखू येते. फरक इतकाच की आता भिंत जातीची नसून भाड्याच्या दराची आहे.

या काळातील पुढारी म्हणजे कराचीत जन्मलेले बोहरा व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी. रेल्वेला मजूर आणि धान्य पुरवून त्यांनी संपत्ती मिळवली, १९०२ मध्ये मोंबासात वृत्तपत्र काढले आणि नैरोबीच्या मध्यभागी एक बाग लोकांना दिली. पुढे कायदेमंडळात बसणारे ते पहिले भारतीय ठरले. जीवनजी गार्डन्स आजही आहे. दुपारी तेथे बाकांवर माणसे बसतात आणि धर्मोपदेशक उंच आवाजात बोलतात.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. व्यापारात आपल्या लोकांनी कष्ट केले, हे निर्विवाद. परंतु त्या साखळीत आफ्रिकी माणूस गिऱ्हाईक म्हणून होता, नोकर म्हणून होता, भागीदार म्हणून क्वचितच होता. त्याचा दोष एकट्या व्यापाऱ्याचा नव्हे. आफ्रिकी माणसाला दिलेली उधारी न्यायालयातून वसूल करण्यावर कायद्यानेच मर्यादा होती. त्याची जमीन राखीव टापूत, वैयक्तिक मालकीहक्काशिवाय. तेव्हा तारण काय ठेवणार? तारण नाही म्हणून बँक नाही, उधारी नाही म्हणून दुकान नाही. आपल्या मुलाला मात्र काकाच्या ओळखीवर माल मिळे. पिढ्यान्‌पिढ्या हे पाहणाऱ्याच्या मनात काय साठत गेले असेल, याची कल्पना करता येते.

असे असले तरी सारेच भारतीय गल्ल्यामागे बसून राहिले नाहीत. मार्च १९२२ मध्ये आफ्रिकी नेता हॅरी थुकू याला पकडले तेव्हा नॉरफोक हॉटेलजवळ जमलेल्या जमावावर गोळीबार होऊन सरकारी आकड्याप्रमाणे २१ जण मेले. थुकूच्या पाठीशी उघडपणे उभे राहणाऱ्यांत मणिलाल देसाई हे भारतीय पुढारी होते. कामगार नेते मक्खनसिंग यांनी एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या कालोलेनी सभागृहात पूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. त्यानंतर त्यांना अकरा वर्षे स्थानबद्ध ठेवण्यात आले.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे नाव अप्पासाहेब पंत यांचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे हे पुत्र १९४८ साली भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून नैरोबीत आले. आफ्रिकी तरुणांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले आणि जोमो केन्याटा यांच्याशी त्यांनी मैत्री ठेवली. १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेल्यावर ब्रिटिशांना हे खुपू लागले आणि १९५४ मध्ये ते येथून गेले. भारतीयांनी गांधीजींच्या स्मारकासाठी जमवलेला निधीही याच काळात तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयाला मिळाला. पुढे त्याचेच नैरोबी विद्यापीठ झाले. त्याच्या आवारातील गांधीपुतळ्याचे अनावरण १९५६ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांनी केले. मूळचे गोव्याचे, नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो हेही स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले होते. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या घराच्या दारात, मुलगी गाडीत असताना, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. ज्यांचा आणि ज्यांच्या आई किंवा वडिलांचा जन्म केनियातला, ते आपोआप नागरिक झाले. इतरांना अर्ज करण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. ब्रिटिश पारपत्र ठेवायचे की सोडायचे, हा प्रश्न पार्कलँड्समधील घराघरांत जेवणाच्या पाटावर चर्चिला गेला. माझ्या स्नेह्यांच्या वडिलांनी अर्ज केला, थोरल्या काकांनी केला नाही. "वडील म्हणाले, दुकान इथे आहे तर नावही इथेच लावू. काका म्हणाले, विलायतेचा कागद पक्का." दोघांनाही आपण सावधपणेच वागत आहोत असे वाटत होते.

१९६७ मध्ये व्यापार परवान्याचा कायदा आला. नागरिक नसलेल्यांना ठरावीक भागांबाहेर आणि काही जिनसांत धंदा करता येईना. माणसे ब्रिटनकडे निघाली. तेव्हा १ मार्च १९६८ रोजी ब्रिटनने तीन दिवसांत मंजूर केलेल्या कायद्याने आपल्याच पारपत्रधारकांना दार जवळजवळ बंद केले. काका त्याआधी कसेबसे पोहोचले आणि लेस्टरमध्ये कारखान्यात लागले. धाकट्या भावाने थोरल्याचे दुकान आपल्या नावावर चालवले आणि नफ्याचा वाटा अखेरपर्यंत वेगळ्या वहीत मांडला. ती वही मी पाहिली. आकडे गुजराती, तारखा वीरसंवतातल्या, चूक एकही नाही.

१९६२ च्या जनगणनेत केनियात आशियाई वंशाचे पावणेदोन लाख लोक होते. २०१९ मध्ये ते एक लाखाच्याही आत होते. १९८२ च्या ऑगस्टमध्ये फसलेल्या लष्करी उठावाच्या दिवशी नैरोबीतील भारतीयांची दुकाने आणि घरे लुटली गेली. त्यानंतरही आणखी काही गेले. राहिले त्यांनी काय केले, हे पार्कलँड्समध्ये दिसते. जामनगरजवळच्या दाबासंग गावाहून आलेले मेघजी पेथराज शाह यांच्या नावाचे रुग्णालय तेथे आहे. ओसवाल सेंटरही त्याच परिसरात आहे. २१ सप्टेंबर २०१३ रोजी शेजारच्या वेस्टगेट मॉलवर अतिरेक्यांनी हल्ला केला आणि ६७ निरपराध माणसे मारली गेली. त्या दिवसांत ओसवाल सेंटर मदतकेंद्र झाले होते. जखमींवर प्रथमोपचार तेथे झाले आणि आप्तांची वाट पाहणाऱ्यांना तेथेच जेवण मिळाले. कोण कोणत्या वंशाचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. २०१७ साली सरकारने आशियाई केनियावासीयांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. माझे स्नेही यावर हसून म्हणाले, "आमच्या आजोबांना पोहोचून शंभर वर्षे होऊन गेली, तेव्हा नंबर लागला."

शेवटच्या दिवशी आम्ही बियाशारा रस्त्यावर गेलो. पूर्वी याचे नाव बाजार रस्ता होते. बियाशारा म्हणजे व्यापारच. दुकानांत रंगीत कांगा, ब्लँकेटे आणि तान्ह्या मुलांचे कपडे टांगलेले होते. मालक शाह, विक्रेते किकुयु आणि लुओ, शेजारच्या दोन दुकानांचे मालक आता आफ्रिकी. एका वृद्ध आफ्रिकी बाईंनी दोन कांगा घेतल्या, बराच वेळ घासाघीस केली आणि मोबाइलवरून पैसे दिले. २००७ मध्ये याच देशात सुरू झालेल्या त्या सेवेचे नाव एम-पेसा. विक्रेत्या मुलीने संदेश वाचला, मालकाला आकडा सांगितला आणि मालकाने तो सवयीने वहीतही लिहून घेतला.