न फवारलेल्या सरी

म्हसरूळची चांभारलेणी मागे पडली, की दिंडोरी रस्त्याला दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. सप्टेंबरात त्यांच्या अधूनमधून तार-बांबूवर बांधलेले टोमॅटोचे प्लॉट दिसतात. मी निघालो होतो तो त्यातला एक आजारी तुकडा पाहायला.

दिंडोरीच्या अलीकडे एका शेतकऱ्याने, नानांनी, मुख्य लागवडीच्या कडेला वेगवेगळ्या वाणांच्या काही सरी लावून त्यांवर कीटकनाशक मारायचंच नाही, असं ठरवलं होतं. "औषध मारलं, तर तग वाणाने धरला का औषधाने, कसं कळायचं भाऊ?" संशोधन केंद्रांवरही हेच करतात. लवकर बळी पडणारा वाण मुद्दाम मधेमधे लावतात आणि रोगाला मोकळं रान देतात.

एका सरीत पानं वर वळून चुरगळलेली, झाडं खुजी, फूल गळलेलं. हा पांढऱ्या माशीने आणलेला लीफ कर्ल. शेजारची सरी हिरवीगार. तिच्यापलीकडच्या सरीत लीफ कर्लचं नाव नाही, पण शेंडे करपलेले आणि खोडावर तपकिरी चट्टे. नाना म्हणाले, हा फुलकिड्यांचा व्हायरस. मी तिथे बराच वेळ थांबलो. बियाण्याच्या पाकिटावरच्या 'व्हायरस प्रतिकारक' या शब्दांतला अपुरेपणा त्या सरीत उघडा पडला होता. 2020च्या उन्हाळ्यात राज्यात 'तिरंगा' रोग आला, फळं लाल-पिवळी-हिरवी होऊन पडली, तेव्हाही बंगळूरुला झालेल्या नमुन्यांच्या तपासणीत एकाहून जास्त विषाणू सापडले.

लागवडीच्या टोमॅटोत विषाणूंना तोंड देण्याची ताकद फारशी उरलेली नाही. ती दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या रानटी भाऊबंदांत आहे. हबरोकायटिस या केसाळ, चिकट पानांच्या जातीतून हिसारच्या कृषी विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी यांनी लीफ कर्लचा प्रतिकार टोमॅटोत उतरवला. 1990 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातलं टीवाय-2 हे जनुक पुढे जगभरच्या पैदासकारांनी वापरलं. टीवाय-1 आणि टीवाय-3 चिलेन्स या दुसऱ्या रानटी जातीतून आली. पण टीवाय-2 लीफ कर्लच्या सगळ्याच विषाणूंपुढे टिकत नाही. म्हणून वाण दिंडोरीच्या मातीत, इथल्याच माशीसमोर तपासला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

नानांबरोबर पालखेडमार्गे पिंपळगाव बसवंतला पोचलो तेव्हा लिलाव जोरात होता. वीस किलोच्या क्रेटच्या रांगा लागलेल्या, व्यापारी फळ दाबून कडकपणा बघत होते. रानटी जातीचं फळ बोराएवढं, पिकूनही हिरवं. त्यातला प्रतिकार तेवढा घ्यायचा आणि फळ मात्र लांबच्या ट्रकला टिकेल असं ठेवायचं, यात पैदासकारांना झाडांच्या कितीतरी पिढ्या खर्ची घालाव्या लागतात.

नाना बाजारातून थेट रोपवाटिकेत गेले. पुढच्या हंगामाच्या रोपांची आगाऊ रक्कम काढून ठेवत मालकाला म्हणाले, "नुसतं प्रतिकारक नको. कोणत्या व्हायरसला, ते पावतीवर लिहून द्या."