अण्णांचं कानाचं मशीन

अण्णा एसटीत 31 वर्षं कंडक्टर होते. वय 78. त्यामुळे ते सकाळी दोनदा आंघोळ करायला लागले, दूध आणायला जाऊन भलत्याच गल्लीत सापडले, तरी आम्ही वयावर ढकललं. भाजीवाल्याकडचा हिशोब अजून तोंडी करायचे ना. वर्षभर आम्ही त्याच आधारावर काढलं.

शेवटी मेमरी क्लिनिकची वेळ घेतली. 11 ची वेळ होती, नंबर दीडला लागला. रक्त द्यायचं म्हणून अण्णा सकाळपासून उपाशी. कानाचं मशीन घरी ड्रॉवरमध्ये राहिलं, ही माझी चूक. तपासणाऱ्या मुलीला मराठी येत नव्हतं, ती हिंदीत विचारत होती. अण्णा प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघायचे आणि मी उत्तर देऊन टाकायचो. दोनदा तिने सांगितलं, "उन्हें बोलने दीजिए."

मग तिने घरी काय त्रास होतो ते विचारलं. मी सगळं सांगितलं, अण्णांच्या समोरच. एकदा पँट ओली झाली होती, तेही. अण्णा चपलांकडे बघत बसले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोरगा माझ्या तक्रारी सांगत होता." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्या तपासणीत 30 पैकी 17 गुण आले होते. अहवाल बघून मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "यांना ऐकू येतं का?" आणि तीन आठवड्यांनी परत बोलावलं.

या वेळी सकाळचा पहिला नंबर मागून घेतला. मशीनला नवे सेल घातले, चष्मा पुसून दिला, डब्यात पोळीभाजी घेतली. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरल्या. त्यातली सर्दीची गोळी अण्णा वर्षानुवर्षं मनानेच घेत होते. तिनेही विसरायला होतं, असं म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली. तक्रारी मी तारखेनिशी कागदावर लिहून आधीच काउंटरवर दिल्या. आत गेल्यावर गप्प बसलो. गप्प बसणं फार जड गेलं.

डॉक्टर मराठीत बोलत होते. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. अण्णांनी न थांबता म्हटलं, "93, 86, 79, 72, 65." सुटे पैसे परत द्यावेत तसं. मग घड्याळ काढायला सांगितलं. गोल नीट काढला. आकडे मात्र 1 पासून 12 पर्यंत सगळे उजव्या बाजूलाच, एकाखाली एक. डावी बाजू कोरी. थोड्या वेळापूर्वी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवला नाही.

गुण 22 झाले. रक्तात बी 12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. पण एमआरआय आणि बाकी सगळं बघून डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात आहे, असंच सांगितलं. डोनेपेझिलची गोळी दिली. आजार तिनं जाणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. रात्री गोळी घेतली की अण्णांना वाईट स्वप्नं पडायची. फोन करून विचारलं, तर सकाळी द्या म्हणाले. तेव्हापासून झोप बरी आहे.

त्या दिवशी परतताना रिक्षात अण्णांनी विचारलं, "हिशोब जुळला का रे?"

"वजाबाकी सगळी बरोबर आली," मी म्हणालो. घड्याळाचं बोललो नाही.