व्हर्मीरचा आरसा

'टिम्स व्हर्मीर' (२०१३) हा माहितीपट आम्ही दोघांनी नुकताच पुन्हा पाहिला. टिम जेनिसन हा चित्रकार नव्हे, तंत्रज्ञ. तिरप्या धरलेल्या चिमुकल्या आरशाच्या आधारे तो व्हर्मीरचे 'द म्युझिक लेसन' १३० दिवस खपून रंगवतो. प्रतिबिंबाचा आणि हातच्या रंगाचा मेळ बसला की आरशाची कड दिसेनाशी होते, एवढीच युक्ती. प्रतिभेचा हा अधिक्षेप, असे आमच्यापैकी एकाचे मत. (वृत्ते शिकवताना वर्गातही हीच कुरबुर: मात्रा मोजल्या की काव्य गेले!) दुसऱ्याला ते मान्य नाही. मूळ चित्रात स्त्री पाठमोरी, वाद्यासमोर सरळ उभी; भिंतीवरच्या आरशात मात्र तिचा चेहरा शेजारच्या पुरुषाकडे वळलेला. ही विसंगती कोणते भिंग देणार? त्याच आरशात ईझलचा पायही दिसतो.