पुढील स्टेशन

डोकं दुखणं हा आजार असू शकतो, असं विरार लोकलनं जाणाऱ्या माणसाच्या मनातच येत नाही. सकाळची चेंगराचेंगरी, दिवसभर कॉम्प्युटर, परतीला पुन्हा तीच गर्दी. दुखायला कारणं पुरेशी असतात. बायकोच्या डोकेदुखीलाही आधी चष्म्याचा नंबर, मग पित्त, मग वय अशी नावं मिळत गेली. एका रविवारी वसईच्या पारनाक्यावरून आणलेली वालपापडी निवडताना तिच्या उजव्या हाताला झटके यायला लागले. शेंग हातातच होती. मला हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही.

एमआरआयच्या काळ्या फिल्मवर डाव्या कपाळाच्या मागे एक पांढरा गोल होता. मेनिन्जिओमा. ही गाठ मेंदूतून उगवत नाही. मेंदूवरच्या आवरणातून उगवते आणि वर्षानुवर्षं सावकाश आत रेटत राहते. हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जननं १९२२ मध्ये तिला हे नाव दिलं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ती जास्त आढळते आणि बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. तिचा दाब पडला होता तो नेमका बोलण्याच्या भागावर. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकानं ज्या भागाकडे बोट दाखवलं, तिथंच. सर्जननी कागदावर पेनानं मेंदू काढून आम्हाला समजावलं. तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला, अजून आहे.

ऑपरेशन परळला, केईएममध्ये. १९२६ पासून हे रुग्णालय अख्ख्या महाराष्ट्राची दुखणी पोटात घेत आलं आहे. व्हरांड्यात चटया टाकून नातेवाईक बसलेले असतात आणि तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही. ‘तुमचं पेशंट कशाचं?’ ‘डोक्याचं.’ एवढ्यावर समोरचा सरकून जागा देतो. जळगावकडच्या एका आजींनी मला त्यांच्यातली भाकरी दिली आणि मी ती खातोय की नाही, ते बघत बसल्या. रक्त द्यायला बायकोच्या लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी आल्या. काहींचं हिमोग्लोबिन कमी भरलं, तर त्यांनी आपापल्या मुलांना बोलावून घेतलं. शेजारच्या मावशींनी रमेदी मातेच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जीवदानीचा डोंगर चढल्या. त्या दिवसांत मी यातलं काहीही निरर्थक मानलं नाही, आजही मानत नाही.

अतिदक्षता विभागात सिस्टर पुन्हा पुन्हा तेच विचारायच्या. ताई, नाव काय? आत्ता कुठे आहात? महिना कोणता? माझी बोटं दाबा. ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या न्यूरोसर्जननी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. डोळे उघडण्याचे ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. डोळ्यांचे आणि हालचालीचे तिनं पैकीच्या पैकी मिळवले. बोटं तर इतकी घट्ट दाबली की सिस्टर हसल्या. नाव विचारलं की मात्र ओठ हलायचे, पट्टीखालच्या भुवया जवळ यायच्या आणि बाहेर पडायचं, ‘ते… ते…’ रेसिडेंट डॉक्टर मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘काका, काकूंना सगळं समजतंय. गाठ पूर्ण निघालीय. आत सूज आहे, ती उतरली की शब्द यायला लागतील. किती वेळ लागेल, ते आज नाही सांगता येणार.’

ऑपरेशन सर्जनचं असतं. त्यानंतरचं सगळं घराचं. लोक म्हणत, ‘गाठ निघाली ना, सुटलात!’ आणि घरात ती एका बाजूचे केस काढलेली, डावा डोळा सुजून मिटलेला, डोक्यावर स्टेपलची रांग. सूज उतरवायला डेक्सामेथासोन. त्यानं झोप उडते आणि भलत्या वेळी भूक लागते. झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासिटाम. त्याची वेळ चुकवायची नाही. मध्यरात्रीनंतर आम्ही दोघं स्वयंपाकघरात दुधात केळं कुस्करून खात बसायचो. तोवर वाड्यांमधून फुलवाल्यांची लगबग सुरू झालेली असायची. सोनचाफा, जास्वंदीच्या कळ्या दादरच्या बाजारात पोचवायच्या तर भल्या पहाटेची गाडी गाठावी लागते. कुकरची शिट्टी तिला सोसायची नाही, म्हणून भात पातेल्यात. बाथरूमला आतून कडी नाही. भेटायला येणारे तोंडासमोर बोट नाचवत विचारायचे, ‘ओळखलंस का? सांग बघू मी कोण?’ माणूस तिला ओळखू यायचा, नाव यायचं नाही आणि डोळे भरायचे. मी दारातच सांगायला लागलो की आपलं नाव आपणच सांगा आणि बसा. आजारी माणसाची परीक्षा घ्यायचा हक्क पाहुण्याला नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला बजावलं, ‘त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. थांबा.’ समोर चमचा धरला तर ‘चमचा’ म्हणताना तिला घाम फुटायचा. वार म्हणताना ती गुरुवारपाशी अडायची. मग बाईंनी विचारलं, ‘रोज गाडीनं जायचात ना? विरारनंतर काय येतं?’ तिचं माहेर विरारचं, नोकरी चर्चगेटची. ती क्षणभर बाईंकडे बघत राहिली. आणि मग, ‘नालासोपारा. वसई रोड. नायगाव. भाईंदर. मीरा रोड. दहिसर. बोरिवली.’ न अडखळता, एका लयीत, थेट चर्चगेटपर्यंत. २०१६ मध्ये सुरू झालेलं राम मंदिर तिनं गाळलं. २०१८ मध्ये नाव बदललेल्या प्रभादेवीला ती एल्फिन्स्टन म्हणाली. तरुणपणी जी ओळ पाठ झाली होती, ती गाठीखाली शाबूत राहिली होती. मी त्या खोलीतच रडलो. तीही रडली, आणि रडतारडता पुन्हा विरारपासून सुरू झाली.

पाठ असलेलं बोलणं आणि शोधून काढायचं बोलणं, यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं आहे. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, तो अख्खी आरती म्हणू शकतो. प्रश्न एवढाच की पहिल्या वाटेवरून दुसरीवर कसं यायचं. आम्ही रोज संध्याकाळी गाडी सोडायचो. मी फक्त म्हणायचो, ‘भाईंदर.’ ती म्हणायची, ‘खाडी.’ काही दिवसांनी, ‘खाडी… वारा.’ मग, ‘खाडीत निर्माल्य टाकतात. नको टाकू.’ बोरिवलीला कोण चढायचं? अंधेरीला कुणाची जागा तुला मिळायची? नवरात्रात पिवळ्या दिवशी कोण हिरवी साडी नेसून आली होती? नाव येईपर्यंत माझा चहा गार व्हायचा, पण यायचं. ते नाव मलाही ठाऊक असायचं, अगदी जिभेवर. ते गिळून तिच्याकडे बघत, चेहऱ्यावर घाई न दिसू देता बसणं, ही माझ्या वाट्याची सेवा होती. इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. उशी सरकवणं, औषध देणं, अंघोळ घालणं यात निदान हातांना काही करता येतं.

त्याच सुमारास मी न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफील्ड यांच्या बहिणीची हकिगत वाचली. रूथ तिचं नाव. १९२८ च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये तिच्या मेंदूतली गाठ काढायला स्वतः भाऊच उभा राहिला, कारण त्याच्याइतकं ते काम जाणणारे तिथे फार नव्हते. कपाळामागचा उजवा भाग बराचसा काढावा लागला. रूथ सावरली, घरी मुलाबाळांत परतली. पुढे एकदा तिनं भावाला जेवायला बोलावलं. पाच जणांचा साधा स्वयंपाक. पेनफील्ड स्वयंपाकघरात गेले तेव्हा सामान सगळं मांडलेलं, एकदोन पदार्थ चुलीवर, मांस अजून शिजायला घेतलेलंच नाही, आणि रूथ मधोमध गोंधळून उभी. कशामागून काय करायचं, तो क्रम तिच्या हातून निसटला होता. भावानं जरा मदत केली आणि स्वयंपाक पार पडला. रूथची गाठ वाईट होती. १९३१ मध्ये ती गेली. १९३५ मध्ये आपल्या निबंधात तिच्या आजाराबद्दल लिहिताना पेनफील्डनी तो स्वयंपाकसुद्धा लिहिला. शास्त्रज्ञ म्हणून तो लिहिलाच पाहिजे होता. तरी ते लिहिणारा हात मला फक्त भावाचा दिसतो. आमच्याकडे बायकोचं स्वयंपाकघर शाबूत होतं, शब्द हरवले होते. फोडणीत आधी मोहरी की हिंग, हे तिच्या हाताला कधीच विचारावं लागलं नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट पहिल्या ग्रेडचा आला, म्हणजे कर्करोग नाही. पूर्ण काढलेली गाठही पुन्हा उगवू शकते, म्हणून एमआरआय ठरल्या वेळी करत राहायचं. गोळ्या इतक्यात बंद नाहीत. थकली की अजून शब्द मागेपुढे होतात. ‘फ्रीज’ला ‘कपाट’ म्हणते, आपणच हसते आणि दुरुस्त करते. केस वाढलेत. परवा मैत्रिणींनी तिला दुपारच्या रिकाम्या गाडीनं दादरला न्यायचं ठरवलं. मी पायांत चपला सरकवायला लागलो, तर ती दारात वळून म्हणाली, ‘तुम्ही नका येऊ. लेडीज डबा आहे. आणि गोळी घेतलीय मी.’